आमसुलीची सातवी पायरी

आमसुलीची पातळी वाढवायला जयवंत मिठबावकरांकडे चारचौघांत सांगता येईल असं एकही कारण नव्हतं, आणि म्हणूनच त्यांनी नोंदवहीत कारणाच्या रकान्यात 'तपासणी' असं लिहिलं.

देवगडच्या दक्षिणेला, कड्यावरच्या त्या केबल स्थानकात हा शब्द फार मुरलेला होता. पातळीला हात लावला की नोंद करायची आणि कारण द्यायचं, असा नियम होता. कारण म्हणून 'तपासणी' लिहायचं, असा रिवाज होता. कुणाचं कोपर लागून बटण फिरलं तरी तपासणी, कुणी मेजावर चहा सांडला तरी तपासणी. बारा वर्षांत तिथे इतक्या तपासण्या नोंदल्या गेल्या होत्या की त्या खऱ्या असत्या तर स्थानकाला एखादं पदक मिळालं असतं.

आता आमसुली म्हणजे कोण, हे सांगायला हवं. त्या स्थानकातून निघालेली केबल समुद्राच्या तळावरून थेट ओमानच्या किनाऱ्याला लागते. तिच्या पोटात केसाएवढे काचेचे तंतू असतात, आणि त्यातल्या एकेका तंतूतून ऐंशी तऱ्हांचा प्रकाश एकाच वेळी धावत असतो. प्रत्येकाची तरंगलांबी शेजाऱ्यापेक्षा किंचित वेगळी, म्हणून निरोपांची सरमिसळ होत नाही. हा सगळा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा. त्याच्या ऐंशी वाटांना खरं तर आकडे होते, पण स्थानकाचे पहिले स्टोअरकीपर कणकवलीच्या एका साडीवाल्याचे जावई निघाले. त्यांनी प्रत्येक वाटेला साडीच्या रंगाचं नाव देऊन टाकलं. अबोली, आमसुली, मोरपंखी, चिंतामणी. ते निवृत्त झाले, नावं राहिली. दिल्लीहून बोलणारे वरिष्ठसुद्धा "चिंतामणी आज जरा मळकी वाटते" असं अगदी गंभीरपणे म्हणत.

या ऐंशी जणींचा तोल सांभाळणं हे जयवंतांचं काम. प्रकाश जितका प्रखर सोडावा तितका निरोप लांबवर स्पष्ट पोचतो, हे कुणालाही पटेल. पण ते एका मर्यादेपर्यंतच खरं. त्यापुढे काच बिनसते. प्रखर प्रकाश जिथून जातो तिथे काचेचा गुण कणभर बदलतो, प्रकाशाची चाल तिथे रेंगाळते आणि लाटेचा चढउतार जरा मागे सरकतो. या सरकण्यालाच कला बदलणं म्हणतात. निरोप लिहिलेला असतो तोच मुळी लाटेच्या उंचीत आणि कलेत. पलीकडे तो चौसष्ट ठिपक्यांच्या रूपाने पडद्यावर उमटतो. स्थानकात त्याला रांगोळी म्हणत. कला सरकली की ठिपके फरफटतात, एकमेकांत घुसतात आणि निरोप गेला वाया.

आणि यातली खरी मेख अशी की स्वतःच्या प्रखरपणाने आपली रांगोळी बिघडतेच, पण शेजारणीच्या प्रखरपणानेही बिघडते. म्हणून जयवंतांनी बारा वर्षं एकच शिस्त पाळली होती. सगळ्यांनी थोडं मंद राहायचं, म्हणजे सगळे पोचतात. कुठल्या वाटेच्या प्रखरपणाची पातळी कुठे ठेवायची हे त्यांना हाताच्या सवयीने कळे. जुनी माणसं त्याला 'मिठबावकरांचा तोल' म्हणत, आणि ते ऐकलं की जयवंत मान खाली घालून हसत. त्या हसण्यात नम्रता किती आणि सुख किती, हे त्यांच्या बायकोला विचारावं.

२०४३च्या जानेवारीत ऋजुता भोईटे तिथे आली. मूळची साताऱ्याची, पुण्याच्या प्रयोगशाळेत काम केलेली, एकोणतीस वर्षांची. तिने सोबत उलटगणक आणला होता. ते यंत्र दिसायला भाताच्या डब्याएवढं होतं, पण डोकं भलतंच. काचेतून जाताना प्रकाशावर काय काय बेततं, त्याचं समीकरण त्याला पाठ होतं. पलीकडे पोचलेला बिघडलेला प्रकाश घ्यायचा आणि गणिताने त्याला किलोमीटर-किलोमीटर मागे चालवत निघाल्या जागी आणून उभा करायचा. तिथे तो जसा होता तसा, स्वच्छ सापडतो. हे जमलं तर मंद राहायची गरजच संपली. प्रत्येकाने हवं तितकं प्रखर व्हावं, बिघाड गणक निस्तरेल. मग तोल सांभाळणारा माणूस कशाला हवा, हे कुणी बोललं नाही. जयवंत ते न बोललेलंच दिवसभर ऐकत.

गणकाची चाचणी अबोलीवर ठरली. प्रकाश ओमानला जाऊन वळसा घालून परत इथेच येणार, म्हणजे निकाल इथल्या पडद्यावर दिसणार. अबोलीच्या एका अंगाला आमसुली. आमसुलीच्या पलीकडची मोरपंखी वाट चाचणीपुरती रिकामी ठेवली.

ऋजुताला स्थानकाची ओळख जयवंतांनीच करून दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी नोंदवही तिच्यापुढे ठेवली.

"भोईटे, एक लक्षात ठेव. यंत्र खोटं बोलेल, पडदा खोटं बोलेल. या वहीत लिहिलंय ते खरं मानायचं."

"हो सर," ती म्हणाली आणि तिने ते खरंच लक्षात ठेवलं.

सुरुवातीला गणक काही धड चालेना. अबोलीची रांगोळी थोडी सुधारे आणि तिथेच अडे. तरीही चाचणीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीचे संचालक पडद्यावरून म्हणाले, "ऋजुता, अबोली अगदी आरशासारखी दिसते आहे." जयवंतांच्या कारकिर्दीत कुणी कुठल्याही साडीला आरसा म्हटलं नव्हतं. बैठक संपल्यावर ते नियंत्रणकक्षात आले आणि त्यांनी आमसुलीची पातळी दोन दशांश डेसिबलने (प्रकाशाचा जोरही याच मापाने मोजतात) वर नेली. अबोलीच्या ठिपक्यांना किंचित कंप सुटला. बाहेरच्याला कळलाही नसता. त्यांना कळला आणि बरं वाटलं. हे बरं वाटणं त्यांना स्वतःलाच आवडलं नाही, पण पातळी त्यांनी खाली आणली नाही. वहीत लिहिलं, तपासणी.

जयवंत जळत होते, याला दुसरा शब्द नाही. ऋजुता वाईट असती तर त्यांचं काम सोपं झालं असतं. ती वाईट नव्हती. सकाळी आल्यावर आधी त्यांना विचारायची, "सर, आज समुद्र कसा आहे?" त्यांनी सांगितलेलं टिपून घ्यायची. एकदा त्यांची बारा वर्षांपूर्वीची आकडेमोड तिला कपाटात सापडली. ती म्हणाली, "किती सुंदर आहे हे, सर. त्या काळात तुम्ही हे हाताने काढलंत." त्या काळात! एखाद्या शिलालेखापुढे उभं राहून बोलावं तसं ती बोलली. त्या दुपारी आमसुली पाचव्यांदा वर चढली.

बाबल कुडतरकर हे स्थानकातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. वही चाळताना त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

"साहेबानू, बारा वर्सां मी तुमका बघतंय. आमसुलीक तुमी कदी हात लावक नाय. आता म्हयन्याभरात पाच येळा तपासणी?"

"चाचणी चालू आहे ना, बाबल."

"चाचणी अबोलीची आसा. तपासणी आमसुलीची कित्याक?" आणि थोडं थांबून, "रक्ताची तपासणी असता तशी काय ही?"

जयवंत हसले नाहीत. बाबलांनी चष्मा खाली घेतला आणि वही मिटली.

आमसुली सहाव्यांदा चढून झाल्यावर, मार्चमध्ये वृंदाने, म्हणजे जयवंतांच्या बायकोने, ऋजुताला जेवायला बोलावलं. एकटी पोर, परक्या गावात, खानावळीचं खाते, म्हणून. वृंदाने खापरोळ्या केल्या होत्या आणि नारळाचा गोड रस. ऋजुताने चार खाल्ल्या आणि पाचवी मागून घेतली. वृंदाचा चेहरा उजळला. जेवणं झाल्यावर दोघी मागच्या पडवीत हात पुसत उभ्या होत्या. जयवंत आत सुपारी कातरत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही दिवसभर तिथे नेमकं काय करता गं?" वृंदा विचारत होती. "यांना एकदा विचारलं होतं, लग्न झाल्यावर. म्हणाले, तुला नाही कळायचं. पुन्हा विचारलं नाही."

"सोपं आहे, काकू. ही तुमची दोरी बघा," ऋजुता म्हणाली. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती, तिच्यावर जयवंतांचा एक सदरा होता. "सरांचा सदरा वाळतोय. त्याच्या वजनाने दोरी जराशी झुकली आहे ना? आता त्याच्या शेजारी मी ओलं लुगडं टाकलं तर काय होईल?"

"दोरी आणखी झुकेल. सदरा खाली येईल."

"सदऱ्याची काही चूक नसताना! दोरी म्हणजे आमची काच. कपडे म्हणजे प्रकाश. जितका प्रखर तितका ओला. आणि सगळे एकाच दोरीवर. कुणी किती ओलं टाकायचं की कुणाचंच जमिनीला लागणार नाही, हे सर बारा वर्षं सांभाळतायत. हात न भिजवता."

वृंदा म्हणाली, "आणि तुझं यंत्र?"

"ते नुसत्या सदऱ्याकडे बघून सांगणार, की शेजारी कुणी काय टाकलं, किती ओलं टाकलं. आणि तेवढा सदरा गणिताने वर उचलून घेणार. पण अजून त्याला नीट जमत नाही."

"अगंबाई," वृंदा म्हणाली. तिने वळून दारातून आत पाहिलं. "अहो, आता कळलं तुम्ही काय करता ते. किती छान काम आहे तुमचं."

लग्नाच्या सव्वीस वर्षांत हे वाक्य ऐकायला जयवंत केव्हाही तयार होते. ते असं, दुसऱ्याच्या तोंडून समजून आलं. त्यांच्याच दोरीवर, त्यांच्याच सदऱ्यावर, त्या पोरीने पाच मिनिटांत त्यांच्या बायकोला त्यांचं आयुष्य समजावून दिलं होतं. त्यांना राग आला. वृंदाचा आला, ऋजुताचा आला. सगळ्यात जास्त आला तो सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या तरुण जयवंताचा, पण त्याला आता गाठणार कुठे? हाताशी आमसुली होती.

तीन वाजता ते स्थानकावर गेले आणि त्यांनी आमसुलीची पातळी एकदम सव्वा डेसिबलने वर नेली. म्हणजे तिचा उजेड आता होता त्याच्या तिसऱ्या हिश्शाने वाढला. हे लुगडं नव्हतं, भिजलेली गोधडी होती. ज्या माणसाने उभ्या कारकिर्दीत पाव डेसिबलवरून लोकांना फैलावर घेतलं होतं, त्याने हे केलं. मग वही ओढली आणि लिहिलं, तपासणी. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

अबोलीची रांगोळी फरफटली. चौसष्ट ठिपके चौसष्ट डाग झाले. ऋजुता परतली, पडद्याकडे बघत खुर्चीत बसली आणि गणकाचे आकडे चाळू लागली. जयवंत पाठमोरे राहून पावसाळी खर्चाचे कागद वाचत होते, म्हणजे धरून बसले होते.

चाळीस मिनिटांनी ती म्हणाली, "सर, इकडे या."

ते गेले. पडद्यावर ठिपके होते. सुईने टोचल्यासारखे चौसष्ट ठिपके. बारा वर्षांत त्यांनी अशी रांगोळी पाहिली नव्हती. आमसुली वर चढलेलीच होती, आणि तरीही.

"शिकला तो," ऋजुता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "शेजारी कायम एकाच पातळीवर होते, सर. तुमच्या शिस्तीमुळे कुणी कधी हललंच नाही. म्हणून दोरी कुणाच्या वजनाने किती झुकते, हे त्याला वेगळं काढता येत नव्हतं. कुणीतरी पायरी-पायरीने वजन बदलायला हवं होतं." तिने नोंदवही उघडली आणि तिच्यावर तळहात ठेवला. "मी आत्ता पाहिलं. सात तपासण्या. तुम्हाला केव्हापासून कळलं होतं? मला सांगितलं का नाहीत?"

"तुझं तुला सापडावं म्हणून," जयवंतांच्या तोंडून निघून गेलं. लबाडी इतकी सहज येते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

एप्रिलअखेर चाचणी यशस्वी ठरली. अहवालात ऋजुताने पहिल्याच पानावर लिहिलं, की गणकाला शिकवण्याची रीत श्री. जयवंत मिठबावकर यांची असून तिला 'मिठबावकर तपासणीक्रम' म्हणावं. संचालकांनी पडद्यावरून हात जोडले. त्या क्रमाने आता देशातल्या आणखी अकरा केबलींवर गणक शिकणार होता. जयवंतांना शिक्षकपद मिळणार होतं, हुद्दा वाढणार होता. घरी वृंदाने पुन्हा खापरोळ्या केल्या, आणि जयवंतांना त्या गिळता गिळेनात.

बाबलांनी अहवाल वाचला आणि तो जयवंतांच्या मेजावर आणून ठेवला.

"गेल्या साली माझ्या हातान चाय सांडली, तेवाय मी तपासणीच लिवलंय," ते म्हणाले. "तेचा नाव काय ठेवतली ती? बाबलक्रम?"

बाबल जाता जाता दारात थांबले आणि त्यांनी ऋजुताच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "चेडू साधा आसा, साहेबानू. वहीत लिवलला खरा मानता. तुमीच शिकयलात."

सोमवारी सकाळी ऋजुता एक तक्ता घेऊन आली. बेटांकडे जाणाऱ्या केबलवर बुधवारी क्रम सुरू व्हायचा होता. तिथल्या अभियंत्यांनी एक प्रश्न पाठवला होता.

"पहिल्या सहा पायऱ्या त्यांना पटल्या, सर. दोन दशांश, दोन दशांश, अशा लहान लहान आहेत. पण सातवी एकदम सव्वा डेसिबल. तिचं कारण विचारतायत. मीही विचार केला, मला सापडलं नाही. या रकान्यात कारण लिहून द्यायचंय."

कारण जयवंतांकडे तयार होतं. गेले दहा दिवस त्यांनी ते घासूनपुसून ठेवलं होतं. गणकाची कमाल सहनशक्ती आजमावण्यासाठी, असं म्हटलं की काम भागलं असतं. कुणी शंका घेतली नसती. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. ते बोलायच्या आधी त्यांनी सवयीने तक्त्यावरून नजर फिरवली. कुठल्याही पातळीला हात लावण्याआधी शेजारी कोण आहे ते बघायची त्यांची जुनी खोड होती.

इथे मोरपंखी रिकामी होती. तिथे त्याच जागेवर लिहिलं होतं: शस्त्रक्रिया. बेटावरच्या दवाखान्यात पडलेल्या रोग्यावर मुख्य भूमीवरचा सर्जन त्या वाटेने हात चालवत होता. शिकायला चाळीस मिनिटं लागणारा गणक तिथे फक्त अबोलीच्या जागेवर असणार. सर्जनच्या वाटेवर कुणीच नसणार. सव्वा डेसिबल. भिजलेली गोधडी.

"सातवी पायरी काढून टाक," जयवंत म्हणाले.

"का?"

"ती पायरी नाही."

ऋजुताने पेन खाली ठेवलं. "मग काय आहे?"

"त्या दिवशी तू माझ्याकडे जेवायला आली होतीस. वृंदाला दोरीवरून सगळं समजावून सांगितलंस. मी आत बसून ऐकत होतो." त्यांनी तक्ता बाजूला सारला. "माझ्या बायकोला माझं काम तुझ्याकडून कळलं, ते मला सोसलं नाही. तीन वाजता मी इथे आलो आणि तुझी अबोली बिघडवली. मी जळत होतो तुझ्यावर, भोईटे. ती तपासणी वगैरे काही नव्हती. तो शब्द आम्ही इथे काहीही झाकायला लिहितो."

ऋजुता नोंदवहीकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी कोरा होता, मग हळूहळू त्याच्यावर सगळं उमटत गेलं.

"आणि आधीच्या सहा?"

"त्याही."

"सगळ्या?"

"सगळ्या. तुझा गणक माझ्या जळण्यावर शिकलाय. माझं नाव काढून टाक त्यावरून. संचालकांना मी लिहितो."

ती उठली. खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. बोलली तेव्हा तिने आवाज चढवला नाही.

"पहिल्यांदा अबोली थोडी सुधारली ना, तेव्हा मी साताऱ्याहून कंदी पेढे मागवले होते. डबा आला तसा उघडलासुद्धा नाही. सगळ्यात आधी तुमच्याकडे घेऊन आले होते, सर."

"तिसरी पायरी," जयवंत म्हणाले.

ऋजुता खुर्चीत बसली. तिने पेन उचललं, तक्त्यातली सातवी ओळ पूर्ण खोडली आणि बुधवारच्या क्रमावर 'थांबवा' असं लिहिलं. मग मूळ नोंदवही जवळ ओढली, पाठीमागची पानं उलटत फेब्रुवारीपर्यंत गेली. तिसऱ्या पायरीसमोरचा 'तपासणी' हा शब्द तिने एका रेघेने खोडला आणि त्याच्या वर, लहान अक्षरात, 'पेढे' असं लिहिलं.

"आता पहिलीपासून सांगा," ती म्हणाली. "या वहीत लिहिलंय ते खरं असायला हवं."